दर भागाला एक मुडदा

प्रफुल उंदिरवाडे दुसरीत होता तेव्हा त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बापाचा जबडा मोडला.

चामोर्शी तालुक्यातल्या त्यांच्या गावात जयंतीची मिरवणूक निघाली होती. ती मोठ्या गल्लीतून न्यायची की तळ्याकडून वळसा घालून, यावर आधीपासून कुजबुज चालू होती. गल्लीच्या तोंडाशी बँडवाले घुटमळले, तेव्हा बापूरावांनी त्यांना सरळ पुढे चला म्हणून हात केला. तेवढंच. समोरच्या ओट्यावरून गुणवंतराव नावाचा धिप्पाड माणूस खाली उतरला, तिथं सोडलेल्या बैलगाडीची उभारी, म्हणजे कडेचा उभा दांडा, त्याने उपसली आणि बापूरावांच्या तोंडावर हाणली. बापूराव गुडघ्यांवर आले. त्यांनी हात वर केला, तो मारायला नव्हे, तोंड झाकायला. दुसरा वार त्या हातासकट जबड्यावर बसला. सुगंधाबाईंनी पोराचं तोंड पदरात दाबलं, पण पदर विरलेला होता आणि त्यातून सगळं दिसत होतं.

केस झाली, बैठका झाल्या, प्रकरण आपसात मिटलं. घर मात्र गावात राहिलं नाही. बापूराव बल्लारपूरला गेले, कोळशाच्या खाणीत लागले. जबडा वाकडाच जुळला. त्यानंतर त्यांनी भाकरी चावून खाल्ली नाही. वरणात भात कुसकरून डाव्या बाजूने हळूहळू गिळायचे. त्या दिवसाचा विषय घरात कधी निघाला नाही.

बल्लारपूरला रेल्वे लाइनीपलीकडे एक व्हिडिओ हॉल होता. तिथं हिंदी आवाज चढवलेले अमेरिकन सिनेमे लागायचे. टोप्या घातलेली माणसं, लाल धूळ, एकच रस्ता असलेलं गाव, आणि त्या रस्त्याच्या मधोमध चालत येणारा एकटा माणूस. प्रफुलला तो रस्ता ओळखीचा वाटला. फरक इतकाच, की तिथं रस्त्याने कोणी जायचं याचा निकाल एका गोळीत लागायचा, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याही कमरेला पिस्तूल असायचं. शाळा बुडवून त्याने ते सिनेमे पाहिले. मग स्टेशनजवळच्या टपरीवरून त्याच धाटणीची पॉकेट बुकं भाड्याने आणून वाचली. कॉलेजात असताना त्याने स्वतःच एक लिहिलं.

नागपूरच्या एका प्रकाशकाने ते छापलं. उंदिरवाडे हे आडनाव बंदुकीच्या चित्राखाली शोभणार नाही असं त्याचं म्हणणं पडलं, म्हणून वर नाव आलं पी. राजन. त्या पुस्तकात जाडजूड मिशांचा एक जमीनदार होता. शेवटच्या प्रकरणात नायक त्याच्या जबड्यात गोळी घालतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. पुस्तक बसस्टँडवर चांगलं खपलं, पुढची मागणी आली. पी. राजनने वीसेक पुस्तकं लिहिली. कधी टेक्सास, कधी ॲरिझोना. मिशा कधी काळ्या, कधी तांबड्या. पण मरणारा दर वेळी गुणवंतरावच होता. खरा गुणवंतराव साखरेच्या आजाराने घरच्या पलंगावर वारला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी वाचली त्या संध्याकाळी प्रफुलने त्याला एकाच प्रकरणात दोनदा मारलं. पहिल्यांदा मारलेला त्याचा जुळा भाऊ निघाला.

तोवर तो जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक झाला होता. नेमणूक सिरोंच्याकडची. जनावरांना लसी टोचायच्या, खच्चीकरण करायचं, अडलेली गाय सोडवायची. हातात कला होती, लोक मानायचे. पॉकेट बुकांचा धंदा बसला तेव्हा लिहिणं बंद पडेल असं त्याला वाटलं होतं, पण मोबाइलवर कथा ऐकवणाऱ्या एका कंपनीने त्याला शोधून काढलं. तिथली पुनम नावाची संपादक त्याच्याशी फोनवर बोलायची. मुलगी हुशार होती, गोड बोलायची, आणि तिचा नियम एकच होता. ऐकणारा माणूस शेवटच्या मिनिटाला सोडून जायला नको, म्हणून दर भागाला एक मुडदा पाहिजे. प्रफुलला त्यात अवघड काही वाटलं नाही. सकाळी लसीकरण, दुपारी अहवाल, संध्याकाळी एक मुडदा, असं त्याचं चांगलं चाललं होतं.

मग लम्पीची साथ आली. जनावरांच्या अंगावर गाठी उठायला लागल्या, बैलबाजार बंद झाले. इंद्रावतीच्या अलीकडच्या चार गावांनी ठरवलं, की चांगली ढोरं आजारी ढोरांपासून तोडायची आणि साथ ओसरेपर्यंत नदीकाठच्या पडीक रानात ठेवायची. या चारही गावांची ढोरं राखणारा ढोरकी होता सुकलू. वय झालेला, काटक, पायात टायरच्या चपला. सोबत त्याचा जावई लालसू आणि आणखी दोघं. लस टोचून झालेल्या जनावरांवर नजर ठेवायला प्रफुल औषधांची पेटी घेऊन त्यांच्याबरोबर पायी निघाला.

त्याला मनातून फार आनंद झाला होता. दीडदोनशे ढोरं सागाच्या रानातून चालली होती, गळ्यातली लाकडी ठोकरं खडखडत होती, धुळीत ऊन अडकलं होतं. इतकी वर्षं न पाहता जे लिहिलं ते आपल्याच तालुक्यात चालून येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो मोबाइल तोंडाशी धरून पुढच्या भागाची वाक्यं बोलून ठेवत होता. सुकलूने विचारलं, साहेब कोणाशी बोलून राह्यले, इथी तं टावर नाई. प्रफुलने सांगितलं, गोष्ट सांगतो आहे. कोणती गोष्ट, म्हाताऱ्याने विचारलं. प्रफुलने सांगितली. ढोरं हाकणारी माणसं, त्यांच्यावर पडणारे दरोडेखोर, बंदुका. सुकलू मन लावून ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, की एवढ्या गोळ्या सुटल्यावर ढोरं जाग्यावर कशी राहतात? प्रफुल हसला. त्याच्या एकाही पुस्तकात ढोरं पळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोरं नाल्यावर पाणी पीत असताना पलीकडच्या काठावर तिघं जण उभे राहिले. तोंडाला दुपट्टे बांधलेले. दोघांच्या हातात काठ्या, तिसऱ्याकडे भरमार, म्हणजे नळीत दारू आणि छर्रे ठासून उडवायची गावठी बंदूक. वरच्या रस्त्यावर ट्रकचं इंजिन चालू होतं, त्याचा आवाज खाली येत होता. काठीवाल्याने सांगितलं, मोठ्या बैलांच्या जोड्या वेगळ्या काढून द्या आणि बाकीची घेऊन जा. कोणाला काही होणार नाही.

लालसूने खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली. सुकलूने त्याला हाताने मागे सारलं आणि तो पाण्यात उतरून त्या बंदूकवाल्याकडे चालायला लागला. घाबरल्याची खूण नाही, रागाचीही नाही. ओळखीच्या माणसाकडे जावं तसा.

"झिंगू," तो म्हणाला, "तोंड काऊन बांधलं रे? तुह्या सासऱ्याची गाय आहे यात."

प्रफुलने पुढे पोलिसांना, वकिलाला, स्वतःला अनेकदा हे सांगितलं, की झिंगूला मारायचं नव्हतं. त्याचं नाव उच्चारलं गेलं आणि तो दचकला. पण बंदूक पोटासमोर होती आणि बोट चापावर होतं. बार उडाला तो फुटलेल्या मडक्यासारखा, कोरडा. नळीच फाटली होती. अर्धा बार सुकलूच्या पोटात गेला आणि अर्धा झिंगूच्या डाव्या हातात.

पुढच्या क्षणी ढोरांनी नाला सोडला. ती चारी दिशांना फुटली. एका काठीवाल्याला गायीने उडवून दगडावर टाकलं. तो लंगडत, किंचाळत ट्रककडे पळाला, त्याच्यामागे दुसरा. झिंगू मनगट छातीशी धरून झाडीत घुसला. प्रफुल जांभळाच्या झाडाला कवटाळून उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी शिंगं आणि खूर जात होते. धूळ खाली बसली तेव्हा नाल्याचं पाणी गढूळ लाल होतं आणि सुकलू पाण्यात बसलेला होता, कपडे धुवायला बसावा तसा. दोन्ही हातांनी त्याने पोट धरलं होतं. बोटांच्या फटीतून आतडं बाहेर येऊ पाहत होतं आणि तो ते परत आत लोटत होता.

काठावरून पडलेला एक पांढरा बैल पुढचा पाय मोडून ओरडत होता. हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. लालसू आणि ते दोघं डोलीसाठी बांबू तोडत होते तेवढ्यात प्रफुलने लालसूची कुऱ्हाड मागून घेतली. त्याच्या पुस्तकांत नायक जखमी घोड्याच्या कपाळावर नळी टेकवत आणि पुढच्या ओळीत खोगीर खांद्यावर टाकून चालू लागत. प्रफुलने कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने बैलाच्या कपाळावर घाव घातला. बैल मेला नाही. त्याने डोळे मोठे करून प्रफुलकडे पाहिलं आणि जीभ बाहेर काढली. दुसरा घाव डोळ्यावर बसला. मग प्रफुल भान हरपून मारत सुटला. बैल गप्प झाल्यावरही तो मारत होता. शेवटी लालसूने येऊन त्याचा हात धरला आणि कुऱ्हाड काढून घेतली.

सुकलूला डोलीत घातलं. पेटीत कापूस होता, पट्ट्या होत्या, जनावरांचं दुखणं मारायचं औषध होतं. प्रफुलने ओल्या कपड्याने आतडी झाकली, पोट करकचून बांधलं, माणसाला सोसेल अशा अंदाजाने सुई दिली. पक्क्या रस्त्यापर्यंत बरंच अंतर होतं आणि मध्ये दोन टेकड्या. चौघांनी आळीपाळीने खांदे दिले.

वाट चढली तसा सुकलू पाणी मागायला लागला. पोट फाटलेल्याला पाणी द्यायचं नसतं हे प्रफुलला माहीत होतं. त्याने ओलं फडकं ओठांवर फिरवलं. म्हाताऱ्याने ते फडकं दातांत धरलं आणि सोडेना. लालसू म्हणाला, द्या ना साहेब, घोटभर. प्रफुल म्हणाला, नाही, दवाखान्यात पोचला तर वाचेल, पाण्याने मरेल. पहिल्या टेकडीवर सुकलूने त्याला गोंडीत शिव्या दिल्या. दुसरीच्या पायथ्याशी तो रडला. मग त्याने डोलीतच लघवी केली आणि ती रक्ताची होती. मधूनच शुद्धीत यायचा आणि ढोरांची नावं घ्यायचा. कोण कुठं गेलं असेल, कोणाला वाटेत विहीर लागते, कोण वाघाच्या वासाला बुजतं. एकदा त्याने प्रफुलचं मनगट पकडून जवळ ओढलं. प्रफुलने कान लावला. त्याला वाटलं, आता म्हातारा काहीतरी बोलेल, मुलीसाठी, जावयासाठी, असं काही जे माणूस शेवटी बोलतो. सुकलू म्हणाला, की त्याच्या पायाची चप्पल कुठंतरी पडली.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो गेला. कोणत्या क्षणी, ते कोणालाच कळलं नाही. रस्ता खाली दिसत होता, एक मोटरसायकल जाताना दिसली. प्रफुलने नाडी पाहिली आणि डोली खाली ठेवायला सांगितली. लालसूने बाटली उघडली आणि सगळं पाणी सासऱ्याच्या तोंडात ओतलं. ते गालांवरून वाहून मातीत गेलं.

मग लालसूने त्या दोघांना प्रेत रस्त्यापर्यंत न्यायला सांगितलं, आणि कुऱ्हाड घेऊन तो आल्या वाटेने वळला. झिंगू नदीकडे गेला असणार, हात फुटलेला माणूस पाण्याकडेच जातो, एवढं तो बोलला. प्रफुल त्याच्यामागे निघाला. त्याला थांबवायला, असं त्याने पोलिसांना सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण चालताना छातीत जे धडधडत होतं ते नुसतं भय नव्हतं. कुठलीशी जुनी गोष्ट तिच्या जागी जाऊन पडणार आहे असं त्याला वाटत होतं, आणि ते वाटणं त्याला नकोसंही वाटत नव्हतं.

झिंगू इंद्रावतीच्या काठी, कोणाच्या तरी मिरचीच्या वाडीतल्या मांडवात सापडला. दुपट्टा केव्हाच सुटला होता. तिशीचा माणूस, गालावर देवीच्या वणासारखे दारूचे काळे ठिपके उडालेले. डाव्या हाताला अंगठा तेवढा शिल्लक होता, बाकी मांसाची चिंधी. माशा बसल्या होत्या. लालसूला पाहून तो उठायला गेला आणि परत बसला. सुकलूमामा कसा आहे, त्याने विचारलं. मेला, लालसूने सांगितलं. झिंगू मान खाली घालून स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला.

प्रफुल मध्ये गेला. लालसूला म्हणाला, याला जिवंत न्यायचं, तोच सांगेल बाकीच्यांची नावं. लालसू मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. ते प्रफुलला होकारासारखं वाटलं. त्याने पेटी उघडली. दंडाला रबरी नळी आवळून रक्त थांबवलं, जखम धुतली, सुटलेली हाडं काढली, पट्टी बांधली. झिंगू दात खाऊन कण्हत होता. त्याला दोन मुली आहेत हे त्याने न विचारता सांगितलं. शेवटची गाठ मारून प्रफुलने कात्रीने टोक कापलं.

"झालं का साहेब?" लालसूने विचारलं.

"झालं," प्रफुल म्हणाला.

कुऱ्हाड त्याच्या कानाजवळून गेली. ती झिंगूच्या मानेत आणि खांद्यात शिरली आणि अडकली. झिंगूने उजव्या हाताने दांडा धरला. ती उपसायला लालसूने त्याच्या छातीवर पाय दिला. प्रफुलने लालसूच्या कमरेला मिठी मारली, दांडा पकडला. उपसलेल्या कुऱ्हाडीचा माथा त्याच्या गळ्याखालच्या हाडावर बसला, कडकन आवाज झाला आणि उजवा हात लोंबायला लागला. तो मिरचीच्या रोपांत पडला. पडल्या पडल्या त्याने दुसरा घाव पाहिला आणि तिसराही. डोळे मिटता आले असते. त्याने मिटले नाहीत. झिंगूचा पाय बराच वेळ जमीन खरवडत राहिला. एक टाच, पुढे मागे, पुढे मागे, मातीत खड्डा पडेपर्यंत.

लालसू नदीवर गेला, कुऱ्हाड न धुता काठावर ठेवली आणि गुडघे टेकून जनावरासारखा पाणी प्यायला. मग येऊन त्याने प्रफुलला उठवलं, स्वतःच्या दुपट्ट्याची झोळी करून त्याचा हात गळ्यात बांधला आणि त्याला धरून रस्त्यापर्यंत आणलं. पोलीस आले तेव्हा लालसू मैलाच्या दगडावर बसलेला होता.

हाड जुळेपर्यंत प्रफुल बल्लारपूरला घरी होता. उजवा हात चालत नव्हता म्हणून सुगंधाबाई त्याला भरवायच्या. समोर बापूराव आपलं वरणभात कुसकरत बसायचे. पुनमचे फोन येत होते. पुढचा भाग कधी, लोक विचारत आहेत. प्रफुल मोबाइलमध्ये बोलायचा प्रयत्न करायचा. शेरीफ पिस्तूल काढतो इथपर्यंत यायचा आणि त्याला ती टाच दिसायची.

एका दुपारी बापूरावांनी त्याला विचारलं, लिहिणं सोडलं का. प्रफुल म्हणाला, जमत नाही. बापूरावांनी त्याची पुस्तकं वाचली आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यांनी सगळी वाचली होती, खाणीतल्या पाळीवर डब्याबरोबर नेऊन. त्यातला तो मिशीवाला कोण, हे त्यांना पहिल्याच पुस्तकात कळलं होतं.

"तुह्या पुस्तकात मार खाल्लेला माणूस एक तं मरून जाते, नाई तं उठून बदला घेते," ते म्हणाले. एकेक शब्द वाकड्या जबड्यातून सावकाश येत होता. "मी कोणत्या पानावर आहो?"

बापूराव ताट घेऊन उठले आणि मोरीकडे गेले.

त्याने एक भाग पाठवला. त्यात एका म्हाताऱ्या ढोरवाल्याला पोटात गोळी लागते, तो पाणी मागतो आणि भाग संपतो तरी मरत नाही. पुनमचा फोन आला. तिने सांगितलं, की बहुतेकांनी निम्म्यातच बंद केलं, कंपनी मालिका थांबवते आहे. मग म्हणाली, की तिने मात्र तो भाग दोनदा ऐकला आणि रात्री जेवली नाही. "सर, ही मालिका नाही. हे पुस्तक आहे. आम्हाला देऊ नका, लिहा."

खटला गडचिरोलीला चालला. प्रफुलने पाहिलं तसं सांगितलं. घाव घालताना लालसू भानावर होता का, असं विचारलं तेव्हा तो हो म्हणाला, आणि त्या एका शब्दाने लालसूची शिक्षा वाढली असं त्याच्या वकिलाने नंतर बोलून दाखवलं. लालसूची बायको इतवारी त्या दिवसापासून प्रफुलशी बोलायची थांबली. बाप मेला होता, नवरा आत गेला होता. झिंगूची बायको आशाबाई दर तारखेला दोन्ही मुलींना घेऊन यायची. गावांकडे जाणारी बस एकच. दोघी कोर्टाच्या ओसरीवर वेगवेगळ्या टोकांना बसायच्या आणि संध्याकाळी त्याच बसमध्ये चढायच्या. एकदा गर्दीत जागा नव्हती तेव्हा आशाबाईची धाकटी इतवारीच्या मांडीवर झोपून आली. उतरताना इतवारीने तिला उचलून आईच्या खांद्यावर दिलं. प्रफुल मागच्या सीटवर होता.

त्याने आधी सगळं जसंच्या तसं लिहायला घेतलं. नाला, मिरचीची वाडी, इंद्रावती. पन्नासेक पानं झाल्यावर त्याने ती फाडली. त्या बायका अजून त्याच रस्त्याने जात होत्या. लोक पुस्तकात त्यांची तोंडं शोधतील आणि बाजारात त्यांना थांबवून विचारतील. तो परत आपल्या जुन्या मुलुखाकडे वळला. टेक्सास, कोरडी नदी, ढोरं हाकणारी चार माणसं. फक्त या वेळी त्याने तिथं घाईने माणसं मारली नाहीत. ढोरं बंदुकीच्या आवाजाने पळाली आणि ती गोळा करण्यात एक अख्खं प्रकरण गेलं. म्हातारा साठ पानं मरत होता. ज्याचा जबडा मोडला असा एक स्वयंपाकी त्यात होता. तो बदला घेत नव्हता, रोज रांधत होता आणि रोज कुसकरून जेवत होता, आणि त्याचं जेवण लिहायला प्रफुलला सगळ्यात जास्त वेळ लागला. मिशीवाला कोणी नव्हता.

तीन वर्षं गेली. चंद्रपूरच्या एका लहान प्रकाशकाने ते पुस्तक काढलं, 'पाण्यापर्यंत' या नावाने, आणि वर नाव छापलं प्रफुल उंदिरवाडे. प्रकाशनाला आलेल्या एका प्राध्यापकांनी भाषणात कौतुक केलं आणि मग विचारलं, की इथल्या माणसाने तिथलं का लिहावं. प्रफुलने माइक हातात घेतला आणि तिथली वाट त्याला लहानपणापासून पाठ आहे, एवढं बोलून परत दिला. पहिल्या रांगेत बापूराव बसले होते. घरी गेल्यावर त्यांनी पुस्तकात स्वयंपाक्याचं पान काढून त्यात बसचं तिकीट खूण म्हणून घातलं. नेहमीचे वाचक फिरकले नाहीत. पहिली आवृत्ती अजून संपायची आहे.

पावसाळा सरताना तो नागपूरच्या तुरुंगात लालसूला भेटायला गेला. असा तो अधूनमधून जायचा. जाळीपलीकडे लालसू जाड झाला होता, केस बारीक कापलेले. त्याला वाचता फारसं येत नव्हतं, म्हणून प्रफुलने गोष्ट तोंडी सांगितली, म्हातारा मरतो आणि त्याचा जावई बंदूकवाल्याच्या मागावर निघतो इथपर्यंत. लालसू मान हलवत ऐकत होता.

"मंग मारते का तो त्याले?"

"मारते."

"आखरीले?"

"नाई. अर्ध्यात."

लालसूने विचार केला. "मंग बाकीच्या अर्ध्यात का आहे?"

"दोघांच्या बायका आहेत," प्रफुल म्हणाला. "एकाच गाडीनं जातात येतात."

लालसू जाळीत बोटं अडकवून उभा राहिला. शेजारी दुसऱ्या कैद्याची आई मोठ्याने रडत होती, शिपाई तिला आवरत होता. इतवारी त्याला भेटायला येत असे, पण शेताचं विचारलं की ठीक आहे एवढंच सांगायची. तिने एकटीने किती केलं, ते तो प्रफुलला विचारत होता. प्रफुल गेल्या आठवड्यात लसीकरणासाठी त्या बाजूला गेला होता. त्याने रस्त्यावरून पाहिलं तेवढं सांगितलं. धानाच्या प्रत्येक बांधीला बांध घातलेला होता. गवत काढलेलं होतं. ती वाकून काम करत होती. गाडीचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं नाही.

"धान कुठवर आलं?"

"पोटरीत आलं आहे, आता लोंब्या सुटतील."

"खालच्या बांधीतलंबी?"

"खालच्या बांधीतलंबी."

लालसूने मान हलवली. वेळ संपल्याची घंटा झाली, आणि तो बाकीच्यांबरोबर रांगेत जाऊन उभा राहिला.